तीन डॉलरचं पातं

बोटीचं भाडं एक डॉलर, वरखर्च दोन डॉलर, नुसत्या पात्याचे तीन डॉलर. त्याआधी एक पावसाळी शनिवार लाकडाचा नमुना कोरण्यात गेलेला. मग एक दिवस रॉचेस्टरला जाण्यात, एक पातं तयार होईपर्यंत थांबण्यात, एक परतीच्या वाटेवर. शेवटी पुन्हा एक पावसाळी रविवार, हिकरीच्या लाकडाचा दांडा बसवून चामड्याचं म्यान शिवण्यात. हा सगळा खटाटोप एका हातकुऱ्हाडीसाठी, तीही खिशात मावेल एवढी.

हा हिशेब 'वुडक्राफ्ट' या पुस्तकात येतो. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांनी 'नेस्मुक' या टोपणनावाने ते लिहिलं आणि १८८४ मध्ये ते छापून आलं. रानात कसं राहावं, हा त्याचा विषय. पाठीवर ओझं किती घ्यावं, निवारा कसा उभारावा, आग कशी रचावी, मासे कसे भाजावेत, डास-माश्यांपासून अंग कसं वाचवावं. (डासांवरचा त्यांचा उपाय म्हणजे पाइनचं डांबर, एरंडेल आणि पेनीरॉयल नावाच्या पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतीचं तेल. लावलं की डासच काय, माणसंही लांब राहत असणार.) हत्यारांवरचा मजकूर त्यात जेमतेम दीड-दोन पानांचा. रानासाठी सुरी-कुऱ्हाड कशी निवडावी, यावर पुढच्या काळात ढिगाने लिहिलं गेलं. पण परवडणारं हत्यार म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाला इतक्या थोडक्यात आणि इतक्या खट्याळपणे भिडलेलं दुसरं लेखन माझ्या वाचनात नाही.

आधी माणूस कोण ते पाहू. नेस्मुकचा जन्म १८२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधला. टोपणनाव लहानपणी जंगलाची गोडी लावणाऱ्या एका आदिवासी तरुणाचं. पोटापाण्याचा धंदा जोडे शिवण्याचा. उंची पाच फूट तीन इंचांच्या आसपास, वजन जेमतेम पन्नास किलो, आणि छाती दुबळी. दम लागणाऱ्या या माणसाने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, १८८३ मध्ये, अ‍ॅडिरोंडॅकच्या तळ्यांमधून २६६ मैलांचा प्रवास एकट्याने केला. जे. हेन्री रश्टन या कारागिराने त्यासाठी बांधलेल्या 'सेअरी गॅम्प' या होडीचं वजन होतं साडेदहा पौंड, म्हणजे जेमतेम पावणेपाच किलो. ती होडी आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीची आहे. अशाच एका होडीप्रवासात होडी, जास्तीचे कपडे, ब्लँकेट, दोन दिवसांचा शिधा, गळ आणि हातकुऱ्हाड धरून आपलं ओझं कधी सव्वीस पौंडांपलीकडे गेलं नाही, असं ते लिहितात. म्हणजे बारा किलोंच्या आत होडीसकट सगळा संसार. हत्यारांवरचा मजकूर वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. औंस औंस मोजून ओझं बांधणारा, अंगात बळ नसलेला माणूस बोलतो आहे. जड कुऱ्हाड त्याला झेपणारी नाही, हलकी पण निकामी कुऱ्हाड घेऊन थंडीच्या रात्री त्याचा निभाव लागणार नाही.

मजकुराची सुरुवात साध्या विधानाने होते. छावणीच्या सामानात मनासारखी मिळायला सगळ्यात अवघड वस्तू कोणती, तर हातकुऱ्हाड. बारा वर्षांचा होण्याआधीच तिची गरज त्यांच्या लक्षात आली होती आणि शोध तेव्हापासून सुरू होता. कौलाच्या लाकडी फळ्या बसवणाऱ्यांची कुऱ्हाड पाहिली, भिंतीच्या पट्ट्या ठोकणाऱ्यांची पाहिली, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातली पाहिली. एकही पसंत पडेना. मग धारेचं काम येतं म्हणवणाऱ्या लोहारांकडून घडवून घेतल्या. त्या सगळ्यांत वाईट निघाल्या. दिसायला खुनशी, हाताला ओबडधोबड, तोल नाही, प्रमाण नाही आणि वजन भलतंच. असा बारा वर्षांचा शोध झाल्यावर गाठ पडली ती बुशनेल नावाच्या कारागिराशी, रॉचेस्टरला. आणि बुशनेलचा धंदा काय? शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याचा.

मला या मजकुरातली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते, आणि नेस्मुक ती एका वाक्यात उरकतात. लाकूड तोडायचं हत्यार हवं म्हणून डॉक्टरांची हत्यारं घडवणाऱ्याकडे कोण जाईल? ज्याला धार कळते तो. कुऱ्हाड लोहाराच्या दृष्टीने वजनाचं हत्यार आहे, वजन पडतं आणि लाकूड फुटतं. पण वजनच वाहून न्यायचं नसेल तर तेच काम पातळपणाला करावं लागतं. पातळ पातं कमी जोरात खोल शिरतं. मात्र पातळ पातं टिकायचं तर पोलाद चांगलं हवं आणि त्याला पाणी नेमकं बसलेलं हवं. कमी बसलं तर धार मुडपते, जास्त बसलं तर कपची उडते. हा नेमकेपणा त्या भागात ज्याच्या हाती रोजचा होता, त्याच्याकडे ते गेले. आणि हे सुचायला तेही जोडे शिवणारेच असावे लागले, असं मला वाटतं. त्यांनी तसं कुठे म्हटलेलं नाही. पण दिवसभर पातळ रापीने कातडं कापणाऱ्याला जाड धारेची चीड असणं साहजिक आहे. म्यान दुसऱ्या कुणाकडून शिवून न घेता रविवारी स्वतः शिवलं, यातही तोच हात दिसतो.

लोहारांबद्दल मात्र थोडं सांभाळून वाचायला हवं. आपल्याकडच्या वाचकाला लगेच गावचा लोहार आठवेल आणि नेस्मुकची तक्रार अन्यायाची वाटेल. कोकणात किंवा मावळात गावच्या लोहाराने घडवलेला कोयता हलका, तोलाचा आणि धारेचा असतो. पण तो तसा असतो याचं कारण लोहाराने आणि त्याच्या बापाने आयुष्यभर तोच घडवला, गिऱ्हाइकाने वर्षभर वापरून त्याची कुरकूर परत आणून सांगितली, आणि पुढचा कोयता तेवढा सुधारला. त्याच लोहाराला परदेशी सुरीचं चित्र दाखवून 'अशी करून दे' म्हणा, नेस्मुकने ज्याला शिव्या घातल्या तोच माल हातात पडेल. खोट लोहारात नसते. वापरणारा आणि घडवणारा यांच्यातली ये-जा तिथे झालेली नसते. नेस्मुकने लाकडाचा नमुना कोरून सोबत नेला तो यासाठीच. तोंडी वर्णन केलं असतं तर बुशनेलनेही काय दिलं असतं, सांगता येत नाही.

मग येतो विनोद. सहा डॉलर रोख आणि कामाचे तीन दिवस बुडालेले, तेही १८४० च्या दशकात, रोजंदारीवरचा माणूस दिवसाला जेमतेम डॉलरभर कमवत असताना. मित्रांना गंमत सुचली. पाच जणांनी बसून त्या कुऱ्हाडीच्या खर्चाचा एक धंदेवाईक हिशेब कागदावर मांडला आणि सकाळी उठल्याबरोबर दिसेल अशा जागी ठेवून दिला. नेस्मुक तो हिशेब पुस्तकात उतरवून देतात. हसण्याची लाट उठली, कुऱ्हाडीची किंमत हा कायमचा चेष्टेचा विषय झाला आणि 'याला व्यवहार कळत नाही' हा शिक्का कपाळी बसला.

पण तो कागद देण्याआधी ते एक वाक्य घालतात. त्या पाच जणांपैकी, जे सगळे आपल्यापेक्षा दांडगे आणि उंचेपुरे होते, चौघं आज हयात नाहीत. आणि कागद पिवळा पडला आहे, चाळीस वर्षांहून जास्त काळ आपण तो जपून ठेवला आहे. एवढंच सांगून पुढे चेष्टेचा हिशेब. चौघांच्या मरणावर एकही उसासा नाही. विनोदाच्या ऐन तोंडाशी ही माहिती ठेवल्याने त्या हिशेबाला वेगळंच वजन येतं. ज्यांनी किंमत काढली त्यांतले बहुतेक गेले, ज्याची चेष्टा झाली तो किरकोळ माणूस उरला आणि आता तो त्या हिशेबाचं उत्तर देणार आहे. त्यात थोडी फुशारकी आहे, नाही असं नाही. पण जन्मभर चेष्टा करणाऱ्यांचा कागद चाळीस वर्षं जपून ठेवणाऱ्या माणसाला तेवढी माफ आहे.

उत्तराची पहिली पायरी कबुलीची. मला सगळ्यात झोंबलं ते हे की ते लबाड हिशेबात फारसे चुकलेले नव्हते, असं ते मान्य करून टाकतात. वाद जिंकण्याची घाई असलेला लेखक हे लिहिणार नाही. आणि मग उलटा प्रश्न: मग मी तरी इतका चुकलो होतो का? ती कुऱ्हाड जवळपास तीस वर्षं त्यांची लाडकी राहिली. जाणत्या कारागिरांकडून तिचं पातं दोनदा पुन्हा तापवून ठोकून घेतलं. त्यांच्या बेरो नावाच्या मित्राने हरवली नसेल तर अजून चालू आहे. कुठल्याही वर्षी, एक-दोन डॉलर वाचतात म्हणून, मी तिच्याशिवाय गेलो असतो का?

इथे जरा थांबून आकडे जुळवून पाहावेत. सहा डॉलर रोख, बुडालेल्या तीन दिवसांचे फार तर आणखी तीन. नऊ डॉलर आणि तीस वर्षं, म्हणजे वर्षाला तीस सेंट. नेस्मुक मात्र प्रश्नात एक-दोन डॉलर म्हणतात, तिप्पट-सहापट. हा हिशेबातला ढिलेपणा समजावा का? मला नाही तसं वाटत. मित्रांच्या हिशेबाला हिशेबानेच हरवायचं असतं तर त्यांनी तीस सेंटच लिहिले असते आणि बाजी मारली असती. ते वर्षाचं भाडं काढत नाहीत, ती कुऱ्हाड नसलेल्या वर्षाची किंमत विचारतात. दुकानदाराचा आणि वापरणाऱ्याचा हिशेब इथे वेगळे होतात. हत्यार विकत घेताना आपण नेहमी पहिलाच करतो, कारण किमतीची चिठ्ठी समोर असते. दुसरा करायचा तर रानातली भिजलेली रात्र डोळ्यांपुढे आणावी लागते.

आणि एवढं सगळं झाल्यावर, त्या कुऱ्हाडीची बाजू इतक्या जिवाभावाने लढवल्यावर, पुढचंच वाक्य असं की मला स्वतःला आता दुधारी कुऱ्हाड जास्त आवडते! हसू आल्याशिवाय राहत नाही. तीस वर्षांचं प्रेम, चाळीस वर्षांचा कागद, आणि शेवटी ती कुऱ्हाड मित्राकडे, नेस्मुक स्वतः दुसऱ्याच हत्याराच्या बाजूला. या एका वळणाने सगळा मजकूर भाबडेपणातून सुटतो. वस्तूवरचा जीव आणि तिच्याबद्दलचं मत या दोन गोष्टी नेस्मुक एकमेकींत मिसळू देत नाहीत. दुधारीचं कारणही रोकडं आहे. एक धार जाड, बोथटाकडे झुकणारी, गाठींसाठी आणि हरणाच्या हाडांसाठी. दुसरी बारीक आणि तिखट, सरळ रेषेच्या स्वच्छ लाकडासाठी. बारीक धार गाठीवर मारली तर तिची कपची उडते आणि जाड धार स्वच्छ लाकडावर मारली तर ती उसळते. एका पात्याला दोन स्वभाव देण्यापेक्षा एका दांड्याला दोन पाती दिलेली बरी.

सुऱ्यांवरचा परिच्छेद याहून लहान आहे पण जास्त धारदार. बाजारात 'शिकारीच्या' म्हणून मिळणाऱ्या बॉवी घाटाच्या सुऱ्या जाड, ओबडधोबड, पात्याच्या मध्यावर कणा आलेल्या. दिसायला खुनशी, कामाला शून्य. लोहारांच्या कुऱ्हाडींबद्दलही तक्रार हीच होती. रक्ताची भीती दाखवणारं हत्यार त्यांना पहिल्या नजरेतच निकामी वाटतं. अशा सुऱ्या शिकाऱ्याच्या सामानापेक्षा दहा सेंटच्या कादंबऱ्यांत किंवा बिली द किडच्या पट्ट्याला शोभतील, असा टोमणा ते मारतात. बिली द किड १८८१ मध्ये मारला गेला, म्हणजे हा टोमणा तेव्हा अगदी ताजा होता. मासिकं, स्वस्त कादंबऱ्या आणि डाकूंच्या दंतकथा मिळून हत्यारांचा बाजार कसा ठरवतात, हे या माणसाला स्वच्छ दिसत होतं. शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये आलेल्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटासाठी जिमी लाइल यांनी सुरी घडवली. पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ. तिच्या स्वस्त नकलांनी जगभरची दुकानं भरली, टोपणात होकायंत्र बसवलेल्या. मूठ पोकळ असली की पातं मुठीत खोल जात नाही, आणि स्वस्त नक्कल तिथेच मोडते. नेस्मुकने ती पाहिली असती तर त्यांना टोमणा बदलावा लागला नसता, फक्त नाव.

त्यांची स्वतःची निवड म्हणजे एक पातळ पात्याची म्यानातली सुरी, कातडं सोडवायला, मांस कापायला आणि जेवायलाही. आणि एक मजबूत, दोन पात्यांचा घडीचा चाकू. बस्स. तिन्ही हत्यारांचं चित्र पुस्तकात आहे, आणि त्यातली सुरी पाहिली की रानापेक्षा कसायाच्या ओट्याचीच आठवण व्हावी, इतकी ती साधी आहे.

ही सुरी इतकी पातळ का चालते, हे नेस्मुक सांगत नाहीत. ते मजकुराच्या मांडणीत आहे. कुऱ्हाड आधी आली, सुरी नंतर. सोबत हातकुऱ्हाड आहे म्हणून सुरीला लाकूड फोडायचं नाही. चाकू आहे म्हणून तिला खाचा पाडायचं बारीक कोरीवकाम करायचं नाही. कामं वाटली गेली की प्रत्येक पातं आपल्या कामापुरतंच राहतं, पातळ आणि हलकं. आजचा बाजार याच्या नेमका उलट शिकवतो. एकच सुरी घ्या, तिच्यावर ओंडक्याने ठोकून लाकडं फोडा, तिनेच झोपडी बांधा, तिनेच कांदा चिरा. मग ती पाच-सहा मिलिमीटर जाड होते, जड होते, महाग होते, आणि कांदा चिरला न जाता फुटतो. 'एकात सगळं' हा स्वस्ताईचा मार्ग वाटतो आणि शेवटी खिसा तोच जास्त कापतो.

काटकसरीचा खरा पुरावा मात्र परिच्छेदाच्या शेवटी आहे. टेबलावरचे काटे-चमचे रानात नेण्याची गरज नाही, असं ते म्हणतात. बीच किंवा बर्चच्या काटकीचा काटा होतो. नदीतल्या शिंपल्याची अर्धी कवड चिरलेल्या काडीत बसवली की चमचा तयार. एका पात्यासाठी तीन दिवस बुडवणारा माणूस चमच्यासाठी एक सेंट खर्चायला तयार नाही! पोलाद रान देत नाही, म्हणून पोलादाला पैसे मोजायचे. काटा-चमचा रान देतं, म्हणून तिथे खिशाला हात लावायचा नाही. ओळीच्या ओळी लिहून जे सांगता आलं नसतं ते या शिंपल्याने सांगितलं आहे.

उणिवा आहेत. जाडी किती, वजन किती, लांबी किती, एकही माप ते देत नाहीत. चित्रावर भिस्त ठेवतात. पोलाद कसं ओळखावं, यावर अक्षर नाही. आणि बुशनेलकडे जाणं ज्याला जमणार नाही त्याने काय करावं, हा प्रश्न तर शिल्लकच राहतो. तो पुढे होरेस केफार्ट यांनी घेतला. सेंट लुईसच्या मर्कंटाइल ग्रंथालयातली नोकरी सुटल्यावर ते १९०४ मध्ये स्मोकी डोंगरांत राहायला गेले. रानात राहण्यावरचं १९०६ चं आपलं पुस्तक त्यांनी नेस्मुकच्या स्मृतीलाच अर्पण केलं आहे. केफार्टच्या मनातली सुरी पेनसिल्व्हेनियातल्या कॉलक्लेसर बंधूंनी घडवून विकायला ठेवली. नमुना कोरायचा शनिवार तिथे वाचला.

आज तर सगळेच दिवस वाचतात. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या, दहा सेंटिमीटरच्या जरा वर लांबीच्या, अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या, दगडावर सपाट टेकवून कुणालाही लावता येईल अशा एकाच उताराच्या धारेच्या, नेस्मुकच्या जवळजवळ सगळ्या अटी पुऱ्या करतात आणि साधारण मिळकतीच्या माणसाला परवडतात. पातं मुठीच्या टोकापर्यंत जात नाही म्हणून नाकं मुरडणारे आहेत. ओंडक्याने ठोकणार नसाल तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. घडीचाच चाकू हवा तर फ्रान्सचा ओपिनेल आहे. मूठ लाकडाची, १९५५ पासून पातं अडकवायला फिरती कडी, बाकी काही नाही. गंमत अशी की याच बाजारात 'नेस्मुक' घाटाच्या हाताने घडवलेल्या, मुलायम मुठींच्या सुऱ्या मोराच्या कितीतरी पट किमतीला विकल्या जातात. त्यांचे ग्राहक त्या कसायाच्या ओट्यावरच्या सुरीला काचेच्या कपाटात ठेवतात. नेस्मुकचे ते पाच मित्र आज असते तर त्यांनी हिशेबाचा कागद इथे चिकटवला असता, आणि या वेळी बरोबर जागी.

पुस्तक वाचून कुऱ्हाड घ्यावीशी वाटणाऱ्या आपल्या ट्रेकरांसाठी एक सूचना. नेस्मुकचं रान त्यांच्या काळाचं होतं, उभं झाड पाडून शेकोटी रचण्याचं. आपल्याकडे हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना हे सगळं अभयारण्यात येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि कायद्याने केलेल्या हत्याराच्या व्याख्येत सुरीही आहे. कुऱ्हाड घरी ठेवा. सुरी जिथे चालते तिथेच न्या, आणि घेण्याआधी तो दीड-दोन पानांचा मजकूर वाचून काढा. १९६३ मध्ये डोव्हरने काढलेली आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळते. पण तेवढाही खर्च नको असेल तर प्रताधिकार केव्हाच संपला आहे, पुस्तक फुकट वाचता येतं.